मापाचं झंपर

येलहंका, बंगळूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. आईस,
चंदनाचा साष्टांग नमस्कार.

यापुढे 'वि. वि.' लिहायचं असतं एवढंच शाळेतलं आठवतं. मी इथे मजेत आहे. आप्पाजींचा खोकला कमी झाला का? निपाणीत अजून थंडी असेल, त्यांना पहाटे अंगणात बसू देऊ नकोस.

सोबत तू मागितलेलं मापाचं झंपर आहे. तेच, तू शिवलेलं अंजिरी रेशमी. दादाच्या लग्नातली माझी सगळी झंपरं याच मापावर शिव. नुसती चिठ्ठी टाकायची म्हणून कागद घेतला होता, तर त्याचं पत्र व्हायला लागलंय. फोन कर की, म्हणशील. पण फोनवर तू 'जेवलीस न्हवं?' म्हणतेस, मी 'हो' म्हणते, आणि मग आपल्याला दुसरं काही सुचत नाही.

सुट्टीचं मात्र अवघड दिसतंय. देवकार्याला आणि हळदीला काही जमणार नाही. अक्षतांच्या सकाळी थेट हॉलवर येईन आणि त्याच रात्री निघेन. करवली म्हणून दिवा धरायला मामाच्या हर्षिताला सांगून ठेव. महांतेशदादा फुगेल, त्याला मी समजावते.

आणि खायचं काही पाठवू नकोस. मागचे डिंकाचे लाडू माझ्या खोलीतल्या नयनानंच संपवले. ती मंड्याची आहे, तिला मराठी येत नाही, पण 'लाडू' म्हटलेलं भिंतीपलीकडून ऐकू येतं. आज ती चिकपेटला अस्तराचं कापड आणायला गेलीय, म्हणून खोलीत शांतता आहे.

तू मागं म्हणालीस, हल्ली कामाचं काही सांगत नाहीस. सांगते.

यशवंतपूरच्या आमच्या फॅक्टरीत मी कपडे डिझाइन करायला आले होते, ते तुला माहीत आहेच. तिथं बाहेरदेशी जाणारे टॉप शिवतात. हजारोंनी शिवायच्या आधी एक नमुना शिवून एका मुलीच्या अंगावर घालून बघतात. खांदा कुठं पडतो, हात वर केल्यावर ओढ बसते का, ते सगळं. ती मुलगी मी झाले, कारण माझं माप त्यांच्या तक्त्याशी जुळलं. मी तुला किती कौतुकानं सांगितलं होतं, आठवतं? तू शेजारी सगळ्यांना सांगितलंस की आमच्या चंदूच्या अंगावर बघून परदेशातल्या बायकांचे कपडे शिवतात. मलाही ते फार आवडलं होतं गं. डिझाइनच्या टेबलावर माझी चित्रं कुणी बघत नव्हतं, पण इथं सगळे माझ्याकडं बघत होते.

गणपतीनंतर एक नवीन बायर, म्हणजे माल घेणारा परदेशी व्यापारी, आला. त्याच्या तक्त्यातलं माप माझ्यापेक्षा लहान. आमच्या फॅक्टरीतल्या मॅडम म्हणाल्या, यांच्यासाठी दुसरी मुलगी बघू. मी म्हणाले, नको, मी बसवते स्वतःला त्या मापात.

मला कुणी उपाशी राहा म्हटलं नाही आई. हे तू लक्षात ठेव, नाहीतर आप्पाजी इथं येऊन मॅडमशी भांडतील. आधी रात्रीचं जेवण सोडलं. मग नाश्ता. नरसिंहराव मास्तर माप घ्यायचे आणि टेप थोडी थोडी आत सरकायची, तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटायचं. हे मास्तर इथल्याच जुन्या शिंपी घराण्यातले, घरात मराठी बोलतात पण त्यात अर्धी कन्नड. रोज दुपारी विचारतात, "काय अम्मा, ऊटा आयता?" जेवलीस का, असं इथं सगळेच सगळ्यांना विचारतात. मी रोज म्हणते, "आयतु अण्णा." तुला म्हणते तसंच.

ते माप आलं. पण मला थांबता आलं नाही. आता तर डबा उघडला की घास तोंडात फिरत राहतो, गिळवत नाही. नयना समोर बसली की मी भात इकडून तिकडे करते आणि ती उठली की पुडीत बांधून टाकून देते. तू वाढलेलं ताट कधी असं टाकलं असतं तर तू मला दोन दिवस बोलली नसतीस.

आता इथवर लिहिलंच आहे तर ऐक. सुट्टीचं खोटं होतं. सुट्टी मिळते. मला हळदीला यायची भीती वाटत होती. उष्टी हळद लावायला तू माझा हात धरशील आणि तुला कळेल.

आणि हे झंपरही खोटं होतं. आयुधपूजेला मशिनींना हार घालायचे म्हणून साडीवर घातलं, तर ते खांद्यावरून उतरायला लागलं. बाजूला हातानं टाके घातले. दिवाळीत आणखी आत घेतलं, संक्रांतीला आणखी. आज नयना गेल्यावर बसून सगळे टाके उसवले, इस्त्री फिरवली. तुला जुनं माप गेलं असतं, तू त्यावर शिवलं असतंस, आणि लग्नाच्या सकाळी मी आतून पिना लावून वेळ मारून नेली असती. असं ठरवलं होतं.

मघाशी घडी घालायला उचललं आणि हात थांबला. कुठलाही कपडा हातात आला की तू आधी तो उलटा करतेस. गिऱ्हाइकाचा असो, दुकानातला असो, आम्ही अंगावर घातलेला असो. रेशमावर सुईची भोकं राहतात. इस्त्रीनं गेली नाहीत. तुझ्या मशीनवर तू हे एकटीनं उलटं करून बघत बसली असतीस, ते मला सहन होईना.

बुधवारी ट्रायलला उभी होते. मास्तर पाठीमागून पिना लावत होते. एक, दुसरी, मग थांबले. तोंडातल्या पिना काढून म्हणाले, "किती लावू अम्मा? त्यांच्या मापापेक्षापण खाली गेलीस की तू. हे कापड कुणाचं माप सांगंल मग?" मी हसायला गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा खाली फरशीवर होते आणि मास्तर पंख्यासाठी ओरडत होते. संध्याकाळी मॅडमनी दुसरी मुलगी ठरवली. ज्या कामासाठी हे सगळं केलं, ते गेलं.

मला फार लाज वाटली. आणि नंतर भीती वाटली, की दादाच्या मागं दिवा घेऊन उभी असताना असंच झालं तर.

पाळी दिवाळीपासून आलेली नाही. नाही, तू घाबरतेस तसलं काही नाही. केस मात्र खूप जातात. डॉक्टरांकडं एकटीनं जायचं धाडस होत नाही, तू बरोबर चल.

झंपर आता परत आत घेतलंय, आत्ताच्या मापाला. ते बघून रडायचं असेल तर आप्पाजी बाहेर गेल्यावर रड. शिवताना याच मापावर शिव, कारण लग्नाला दिवस थोडे आहेत आणि एवढ्यात मी काही भरणार नाही. पण दोन्ही बाजूंना आत भरपूर कापड दाबून ठेव. मला ते उसवायचंय.

हर्षिताला काही सांगू नकोस. दिवा मीच धरणार.

यशवंतपूरहून शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. दारात आले की काही विचारू नकोस, आधी ताट वाढ. थोडंच वाढ. आणि मी जेवेपर्यंत समोरून उठू नकोस.

तुझीच,
चंदू