कळवताना घ्यायची काळजी

मंगळवार, ४

माझी रजा गेली! काल राजधानीत भर बाजारात स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. आज सकाळी सातलाच हुकूम – सगळ्यांच्या रजा रद्द, छावणीबाहेर पाऊल टाकायचं नाही. रजेचा कारकून मीच. छप्पन्न अर्जांवर 'रद्द'चा शिक्का मारला, सत्तावन्नावा माझा. सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हे कुणाला सांगू? इतकी माणसं गेली, त्यांच्यापुढे आपलं रडगाणं गायची लाज वाटते. तरी राग यायचा तो येतोच.

बुधवार, ५

मोबाइल जमा. घरी बोलायला कार्यालयातला एकच फोन, माणशी तीन मिनिटं, शेजारी पहारेकरी कान देऊन उभा. धाकट्याला लावला. तोही फौजेतच, राजधानीजवळच्या तुकडीत. आईचं काही निघालं की आळीपाळीने जायचं, हे आम्हा भावांचं ठरलेलं. म्हटलं, या खेपेला तू बघ. तर म्हणे त्यांची तुकडी ढिगारे उपसायला निघालीय, तो कसा जाणार! मी म्हटलं, तुझं नेहमीचंच आहे. तिन्ही मिनिटं भांडणात गेली. 'जपून राहा' म्हणायचंही राहिलं.

शुक्रवार, ७

बावीस वर्षं छावणीला भाजी पुरवणाऱ्या म्हाताऱ्याला फाटकावर दोन तास उन्हात उभं केलं. एकेक बटाटा तपासला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पहारेकरी म्हणतो, वरून आलंय. सगळं वरूनच येतं.

शनिवार, ८

आज वरून नवा फॉर्म आला. काही बरंवाईट झालं तर घरी कुणाला कळवायचं, ते प्रत्येकाने पुन्हा लिहून द्यायचं. जुने फॉर्म कपाटात धडधाकट आहेत, पण नाही! यात एक रकाना जास्त: 'कळवताना घ्यायची काळजी'. आमच्या बहाद्दरांनी त्यात काय काय लिहावं! एक म्हणतो, 'सासऱ्यांना कळवू नये, फार आनंद होईल.' आचाऱ्याने लिहिलं, 'आईला तिचं जेवण झाल्यावर सांगावं.'

बोलावून झापलं त्याला. सरकारी कागद आहे, थट्टेची जागा नाही.

"थट्टा नाही, साहेब. एकदा कळलं की ती जेवायची नाही."

तरी ओळ खोडायला लावली. असलं काही नियमात बसत नाही. माझ्या फॉर्मात तो रकाना कोराच ठेवला.

सोमवार, १०

आज ऑपरेशन. दोन-दोन फौजी मुलं, आणि दवाखान्यात सोबतीला कोण, तर शेजारच्या काकू!

मंगळवार, ११

फोन मिळाला. पट्टी निघाली, आईला लख्ख दिसतंय. पहिलं वाक्य काय, तर "भिंती इतक्या कळकट झाल्यात, मला कुणी सांगितलं नाही ते!" हसू आवरेना, पहारेकरीही हसला. काकूंनी बजावलं, पंधरा दिवस डोळ्याला पाणी लागता कामा नये.

धाकट्याचा फोन सकाळीच येऊन गेला म्हणे. दादाला सांग, माझं चुकलं, पुढच्या दोन खेपा माझ्या. आईकडून निरोप धाडतोय, शहाणा! चूक तर माझीही होती. उद्या मीच लावतो.

बुधवार, १२

लावला. तुकडी कामावर गेलीय म्हणाले.

गुरुवार, १३

साहेबांनी बोलावून घेतलं आणि बसायला सांगितलं. कारकुनाला कुणी बसवत नाही.

काल ढिगारा उपसताना बाजूची भिंत कोसळली. धाकटा खाली होता.

त्याच्या तुकडीने धाडलेला त्याचा फॉर्म टेबलावर होता. कळवायचं कुणाला, तर मला. शेवटच्या रकान्यात त्याचं किरटं अक्षर: 'आईला दादाने समोर बसून सांगावं. तिचं जेवण झाल्यावर.'

रडू आलं नाही. नुसता संताप येतोय, आणि कुणावर ते कळत नाही.

रजा मंजूर झाली. शिक्का मीच मारला.

उद्या बाराला घरी पोचेन. ती एकला जेवते.