खंड्याचा डोळा

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय बारके,
अनेक आशीर्वाद.

शाळेतून आल्यावर मागच्या पायरीवर बसून मी चित्र काढायचे आणि तू ब्लेडने माझ्या रंगीत पेन्सिलींना टोकं काढायचीस, आठवतं? इतकी अणकुचीदार, की कागद फाटायचा. वर म्हणायचीस, "ताई, निम्मं चित्र माझं." आज सकाळी टोक काढताना तेच आठवलं आणि पत्र लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे. ओळी तिरप्या गेल्या तर हसू नकोस. कॉन्व्हेंटमध्ये ओळ वर चढली की सिस्टर हातात पट्टी देऊन फळ्याजवळ उभं करायच्या. आता पट्टी ठेवूनच लिहितेय, तरी चढतेच.

तू मागितलेलं खंड्याचं चित्र लांबलं. फोनवर काय काय कारणं सांगितली मी! कागद मिळत नाही, निळी संपली. खरं तर तो रोज येतो, कालव्यावरच्या पाइपवर बसतो. पाठ मनासारखी जमलीय. आधी फिकट आकाशी, त्यावर हिरवट, मग गडद निळा, हात अगदी हलका ठेवून थरावर थर. पोटाचा नारिंगीही साधला. पण सुरुवात मी डोळ्यापासून करते, तुला माहीत आहे. बुबुळातला उजेडाचा ठिपका म्हणजे नुसता कोरा कागद, तो आधी राखायचा. एकदा त्यावर काळा चढला, की पांढरी कितीही घासा, राखाडीच होते.

चित्र झाल्यावर भावोजींना दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "छान आहे गं. पण पेंढा भरल्यासारखा का बघतोय?"

मी म्हटलं, ठिपका सोडलाय की. त्यावर त्यांनी नवा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या कागदावर तसंच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी ठिपक्याच्या जागी शिसपेन्सिलीने गोल काढून दिला. मी तो गोलही भरून टाकला. बारके, मी डोळ्याकडे पाहिलं की डोळाच नाहीसा होतो. चोचीकडे पाहिलं की डोळा कडेला दिसतो, आणि चोच जाते.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नजरेचा मधला भाग जातोय, दोन्ही डोळ्यांचा. कडा राहतील म्हणाले. गेलेलं परत आणणारं औषध नाही. मी मान डोलावली, जसा काही भाजीवाला भाव सांगत होता. बाहेर आल्यावर भावोजींनी विचारलं, चहा घेऊ या का. तेव्हा त्यांचं तोंड दिसावं म्हणून मला त्यांच्या कानाकडे बघावं लागलं.

तुला कळवणार नव्हते. लगेच धावत येऊ नकोस. नाही, ये.

सोबतच्या डब्यातल्या निळ्या-हिरव्या पेन्सिली तुझ्या लेकीला दे. तपकिरी आणि नारिंगी इथेच शेजारच्या शिंपीणबाईंना देतेय, कापडावर खुणा करायला होतील. पाखरं बघायची माझी दुर्बीण भावोजींकडेच राहील. ते सांगतात, "आला गं तुझा पाहुणा," मग मी पाइपच्या टोकाकडे बघते, म्हणजे कडेला तो निळा दिसतो.

गुंडाळीत चौथा खंड्या आहे. भावोजींनी त्याच्या डोळ्याच्या जागी कागदाची टिकली चिकटवून दिली होती, म्हणून तेवढी जागा कोरी राहिली. त्यातच नवी काळी पेन्सिल तुझ्यासाठी ठेवलीय. टोक तूच काढ आणि डोळा तूच भर. घाई करू नकोस, ठिपका आधी राख. निम्मं चित्र तुझं आहे.

तुझी,
ताई