भिंतीला ठोकलेलं आणि नुसतं टेकवलेलं

तीर्थरूप ताईला,

धाकट्याचा लांबूनच, पण अगदी वाकून नमस्कार. (कंबर सध्या खरोखरच वाकलेली आहे, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला अजून त्यांच्याआधी घरात शिरतो का? मी खुशाल आहे, आणि मालमत्तेच्या बाबतीत तर एकदम भक्कम आहे.

तू दर फोनला एकच विचारतेस, त्या घरात तुझं असं काय आहे? तर आता सविस्तर ऐक. घर चष्मेवालीचं. (तू तिला अजून ‘ती डोळे तपासणारी’ म्हणतेस, पण चार वर्षं एका छपराखाली काढल्यावर मला टोपणनाव ठेवायचा हक्क आहे. कालपर्यंत माझा तेवढाच एक हक्क होता.) घर तिच्या नावावर आणि बँकेकडे गहाण. मी राहायला आलो तेव्हा आत नुसत्या भिंती होत्या. स्वयंपाकघरातली कपाटं, पुस्तकांची फडताळं, जिन्याखालचे खण, सगळं मी केलं. सुताराने प्रेमात पडल्यावर दुसरं करायचं तरी काय? हप्त्याचे अर्धे पैसेही देतो, पण तिच्या हातात, त्यामुळे बँकेला मी जिवंत आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आता चष्मेवालीने कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं ठरवलं, तिथे व्याज कमी आहे म्हणून. शुक्रवारी त्या बँकेचा एक गृहस्थ घर बघायला आला. खोल्या मोजल्या (टेप वाकडा धरत होता, पण मी एका शब्दाने बोललो नाही; म्हणजे दोनदाच बोललो) आणि मग माझ्याकडे बोट दाखवून हे कोण, असं तिला विचारलं. फॉर्मवर मालक, भाडेकरू, नातेवाईक आणि पाहुणा असे चार चौकोन. तिला दुकान उघडायची घाई. कप विसळता विसळता म्हणाली, “सध्या पाहुणा लिहा.” तिच्या मनात काही नव्हतं, हे मला कळतं. पण ताई, मला फार लागलं. तो कप तिने मी केलेल्या कपाटातूनच काढला होता. वर गृहस्थाने एक कागद पुढे केला: या घरावर माझा काडीचाही हक्क नाही आणि बँकेने ताबा मागितला तर मी मुकाट्याने बाहेर पडेन, खाली माझी सही. वाचून करतो म्हणालो. मग माझ्या कामाचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, भिंतीला ठोकलेलं ते घराचं, नुसतं टेकवलेलं ते तुमचं.

कायदा इतका सोपा असतो हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. आज ती दुकानात गेल्याबरोबर मी स्क्रू काढायला बसलो. दुपारपर्यंत एकशे बेचाळीस निघाले, बरणीत ठेवलेत. सगळी कपाटं आता खोलीच्या मधोमध माझ्या मालकीची होऊन उभी आहेत. ताटं न्हाणीघरात, डबे पलंगाखाली. कपड्यांचं कपाट तेवढं झोपायच्या खोलीच्या दारात अडकलंय (ते आतच जोडलं होतं, हे मी चार वर्षांत विसरलो), म्हणून त्या खोलीत खिडकीतून जावं लागतं. तळमजला आहे, काळजी नसावी. हे पत्र मी माझ्या स्वतःच्या कपाटावर बसून लिहितोय. सहाला ती येईल. आता तिच्याकडे भिंती आहेत आणि माझ्याकडे बाकी सगळं, तेव्हा पाहुणा कोण ते तिनेच सांगावं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. ती आली. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत सगळीकडे बघितलं. पाणी प्यायला पेला मागितला, तो मलाही सापडला नाही. मग ती खिडकीतून झोपायच्या खोलीत गेली. तुमच्या मागच्या खोलीचं दार किती रुंद आहे? आपलं सहज विचारतो. भावोजींना टेप सरळ धरून मोजायला सांग.

आणखी एक ता.क., रविवार. मोजू नका. तिने हे पत्र वाचलं (मला न विचारता, माझ्याच कपाटावर बसून). आधी हसली, मग रडली. म्हणाली, नातेवाईक लिहिलं असतं तर त्याने कुठलं नातं ते विचारलं असतं, आणि ते परक्या माणसासमोर ठरवायचं नव्हतं मला. बँकेच्या कागदावर सही करू नकोस, असं तिनेच बजावलंय. उद्या आम्ही वकिलाकडे जाऊन हप्ते, काम, माझा हिस्सा, सगळं लिहून घेणार आहोत. तोपर्यंत कपाटं अशीच राहू देत हवी तर, असंही म्हणाली.

कागद उद्या व्हायचाय, ताई. स्क्रू मी आजच लावले, एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस. तेव्हा आज तू फोन करून विचारलंस, तर या घरात माझं काहीही नाही.