कोरडं झाकण

१० नोव्हेंबर १९६३, रविवार

पाहणं झालं! मुलगी पाहिली म्हणण्यापेक्षा तिचे हातच पाहिले. मान वर करायचं धाडस झालं नाही.

बंदरावरच्या इसोनोया खानावळीत माशांच्या जेवणासाठी आतली खोली घेतली होती. मी, आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई, मित्सुए आणि तिची आई तोकू सान. माणसं चार, पण ताटं पाच. पाचवं माझ्या शेजारी, मानाच्या जागेवर, आणि तिथे कोणीच नाही. वाटलं, कोणीतरी उशिरा येणार असेल. विचारलं नाही. दुकानातून निघतानाच मालकीणबाईंनी बजावलं होतं — "शिगे, तिथे पुसत बसू नकोस हो! चष्मा नाही तो, मुलगी आहे."

कुपा माशाचे कच्चे काप, कोळशावर भाजलेला मासा, मग झाकणाच्या लाकडी वाटीत तिसऱ्यांचं सार. शिंपल्याचा अर्धा भाग आपल्याच जोडीदारावर बसतो, दुसऱ्यावर बसत नाही, म्हणून लग्नाच्या बैठकीला तेच असतं. मित्सुए म्हणाली, "वाळू लागली तर गिळू नका, सांगा." माझ्याशी एवढंच बोलली. छान बोलली.

मधे खानावळीची मालकीण आली, तशा तिघी उठून दाराशी गेल्या. नमस्कार-चमत्कार चालले होते. माझ्या पायांना मुंग्या आलेल्या. जरा सरकलो, आणि कोपर लागून शेजारच्या वाटीचं झाकण चटईवर पडलं! सार सांडलं नाही. ते निवतच आलं होतं. पण झाकण आतून ओलं, थेंबच थेंब. खिशातलं दुकानातलं फडकं काढलं, आतून-बाहेरून लख्ख पुसलं, पुन्हा नीट बसवलं. कोणी पाहिलं नाही.

जेवण आटोपल्यावर तोकू सान त्या ताटापाशी आल्या. झाकण उचललं, उलटं केलं, उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मित्सुए म्हणाली, "काय गं आई?" त्या म्हणाल्या, "काही नाही. चला."

माझं काही चुकलं का? मासा तर मी नीट खाल्ला.

११ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी सांगितलं. दुकान उघडता उघडता, सहज सांगावं तसं.

ते ताट तोकू सानच्या नवऱ्याचं. कानेजिरो सान कुपा पकडणाऱ्या बोटीवर आहेत, हिंदी महासागरात, दीड वर्ष झालं. लांब गेलेल्या माणसाचं ताट घरचे रोज मांडतात. बाहेर जेवायला गेले तर तिथेही. तो तिकडे उपाशी राहू नये म्हणून. "आणि शेवटी झाकण उघडून बघतात. आत थेंब असले तर माणूस सुखरूप. नसले तर..." गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर हळूच म्हणाल्या, "काल कोरडं होतं रे. कोरडं ठणठणीत."

आमच्या डोंगरातल्या गावात असलं काही नव्हतं. मला काय माहीत!

नाही. माहीत नव्हतं हे खरं, पण दुसऱ्याच्या वाटीला हात लावला हेही खरं.

१२ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर

आजही नाही. सांगितलं तर लग्न मोडणार. बापाच्या ताटाशी असं वागणारा जावई कोण करून घेईल? आणि नाही सांगितलं तर एक बाई जिवंत नवऱ्याचं सुतक धरून बसणार.

मालकीणबाई म्हणाल्या, "मी तोकूला म्हटलं, बोटीच्या कंपनीच्या कचेरीत विचार. तिने विचारलं. बोट ठीक आहे म्हणे. तर तोकू म्हणते, बोट ठीक असेल, माणसाचं काय?"

वर 'विधवा' लिहून खोडलं आणि 'बाई' लिहिलं. शाळा अर्धवट सुटली तरी मी शब्द कधी चुकवत नाही. हा चुकला नव्हता. तरी खोडला.

१८ नोव्हेंबर

होकार आला!! तोकू सान स्वतः दुकानात आल्या. केस नव्या तऱ्हेचे केलेले. म्हणाल्या, "वर्ष संपायच्या आत उरकून टाकू. उगाच रेंगाळायचं कशाला?" आणि हसल्या.

त्या गेल्यावर मालकीणबाईंनी डोळे पुसले. "धक्का बसलाय तिला. फार दुःख झालं की माणूस असं हसतं. ताटसुद्धा मांडत नाही आता."

मी भिंगं घासत राहिलो. एक फुटलं.

२१ नोव्हेंबर

त्यांच्या घरी जेवलो. तोकू सान बांगड्याची खवलं काढताना गाणं गुणगुणत होत्या. "जावईबापू, लाजता काय? घ्या भात!" मित्सुए हसली. तिचा एक दात वाकडा आहे, हे आज कळलं. मला घरधन्याच्या जागेवर बसवलं. तो माणूस तिकडे समुद्रात जाळी ओढत असेल, आणि मी इथे त्याच्या आसनावर बसून त्याच्या बायकोच्या हातचा बांगडा खातोय! आणि ती बिचारी वेडी व्हायला आलीय, माझ्या फडक्यामुळे.

शनिवारी सांगणार. लग्न मोडलं तर मोडलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

तोकू सान अंगणात मासे वाळत घालत होत्या. मी जमिनीला कपाळ टेकलं. म्हणालो, "झाकण मी पुसलं होतं. चुकून पडलं म्हणून पुसलं. थेंब होते."

त्यांनी हात थांबवला.

"थेंब होते?"

"हो. झाकणभर होते. ते सुखरूप आहेत, आई!" तोंडातून 'आई' निघून गेलं.

"नक्की?"

"नक्की. माझ्या हाताने पुसले."

वाटलं होतं, रडतील, मारतील. त्या तिथेच मासळीच्या टोपलीशेजारी खाली बसल्या. मग उठून आत गेल्या. हातातला मासा तसाच हातात. आतून भांड्यांचा आवाज आला. ताट मांडत असाव्यात. आनंदाने शब्दच फुटत नसतील. मीही मग थांबलो नाही.

हलकं वाटतंय. आज झोप येईल.

२६ नोव्हेंबर

मित्सुए दुकानात आली. मालकीणबाई आत जाईपर्यंत चष्मे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

म्हटलं, "कशाबद्दल?"

"आई रोज झाकण उघडायची ते थेंब आहेत का बघायला नाही. गेले का, ते बघायला. बाबा घरी असले की तिची हाडं मोडतात. दोन आठवडे ती पोटभर जेवली. तुम्ही तेवढंही ठेवलं नाहीत."

त्यांची बोट पाच तारखेला बंदराला लागतेय.