मधली धार

आप्पा, नावाड्याचा हात मोडलाय. नारळाच्या झाडावरून पडला. म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी. दुसऱ्या कुणाला विचारू? लिहिता लिहिता उठते, पाळण्यात डोकावते, परसातून नदी बघून येते. पाणी सकाळी होतं तेवढंच आहे. माझी अक्षरं तेव्हाही वाकडी होती, आताही तशीच आहेत.

तुमचा नातू जन्मला तोच डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. दाई त्याला पुसत होती तेव्हाच आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "घ्या, आईच्या बापाचं पाऊल आलं घरात!" तुम्ही घोड्यावरून पडून लंगडे झालात, जन्माचे नव्हता, हे मी सांगितलं, पण ऐकतंय कोण. आमच्याकडे मुलगा म्हणजे स्वार, आणि रिकिबीत पाय बसला नाही तर तो कसला स्वार, असं सगळे त्याच्या तोंडावर बोलतात, त्याला कळत नाही म्हणून. हे इथे नाहीत, तुकडीबरोबर बंगळूरला आहेत. म्हैसूरच्या दवाखान्यातली मडम डॉक्टरीण पाऊल हातानं दाबून जरा जरा सरळ करते आणि वर पट्ट्या बांधते. दर आठवड्याला सोडायच्या, दाबायचं, परत बांधायच्या. गेल्या खेपेला अंगठा पुढे बघायला लागला होता. मी घरी येईपर्यंत तोच बघत आले. ती म्हणाली होती, "खेप चुकवू नको. हाडं कोवळी आहेत तोवरच काय ते होईल." आणि आता आमच्या आणि म्हैसूरच्या मध्ये भरलेली कावेरी, आणि पलीकडे नेणारा माणूस गळ्यात हात बांधून ओट्यावर बसलेला. पुलावरून जायचं तर गाडी पाहिजे, आणि बैल सगळे चिखलात. बाकीचे गडी म्हणतात, भाताची लावणी उरकली की नेतो. लावणी उरकेपर्यंत पाऊल परत आत जाईल.

तुम्ही शिकवलेलं सगळं आठवून बघतेय, काही सुटलं तर नाही ना म्हणून. मी परकरातली पोर. तुम्ही शिलेदारी सोडून हरगोल घेतलेला. कातडं मढवलेलं ते गोल टोपलं बघून काका हसायचे, "घोडा गेला नि टोपली आली! आता अंडी घाल त्यात!" तुम्ही म्हणायचा, "दाणा मागत नाही, लाथ मारत नाही. तुझ्यापेक्षा बरी." तुम्ही मला पुढे गुडघ्यांवर बसवता. वल्हं माझ्याहून उंच. मी सगळा जोर लावून बाजूचं पाणी हाणते आणि टोपलं जागच्या जागी गरगर फिरतं. तुम्ही रागावता. "पाण्यानं तुझं काय खाल्लंय, मारतेस कशाला? हात पुढे घाल. पुढचं पाणी आपल्याकडे ओढ. जरा उजवीकडून, जरा डावीकडून. मेल्लगे." हळू म्हणायला तुम्हाला तो कानडी शब्दच आवडायचा. मी विचारते, जोरात ओढलं तर लवकर पोचत नाही का? "जोरात फिरतेस, पोरी. जात नाहीस."

आणि निघायचं ते समोरच्या घाटावर नाक धरून नाही, हेही आठवतंय. आधी काठाकाठानं, पाणी सुस्त असतं तिथून, पुष्कळ वर जायचं, मग सोडायचं. नदी खाली आणते ती बरोबर घाटावर आणते. सरळ निघाला तो खालच्या खडकांवर जातो. एक गोष्ट मात्र तुम्हाला स्वतःलाच कधी जमली नाही. पाण्याची ओढ लागली की तुमच्या टाचा आपोआप मागे कातड्यावर बसायच्या, घोड्याला मारतात तशा. तिथे दोन ठिगळं होती. आपल्या लोकांचं हे असंच, घाबरलं की टाच मारायची. घोडा पुढे जातो, हरगोल कलंडतो.

उद्याची खेप चुकवायची नाही, मीच नेणार, म्हणून आज सकाळी नावाड्याचा हरगोल मागून घेतला. पोराच्या वजनाची रागीची पिशवी समोर ठेवली आणि काठाजवळ फिरून बघितलं. पहिल्यांदा नुसत्या गिरक्या. आत्याबाई पोराला कडेवर घेऊन काठावर. "काय गं, नदी ओलांडतेस का दळण दळतेस?" घाटावरच्या बायका हसल्या. नावाडी ओट्यावरून ओरडला, "मेल्लगे अम्मा, मेल्लगे!" आणि मला एकदम रडू आलं. मग हात पुढे घातला, लहान लहान ओढलं, आणि आप्पा, गेलं की सरळ! काठाकाठानं वर गेले, परत आले, परत वर गेले. मग धीर करून नाक जरा मधल्या धारेत घातलं. धारेनं असं ओढलं की माझ्या टाचा माझ्या नकळत मागे बसल्या. टोपलं कललं, टेकलेले गुडघे बुडतील एवढं पाणी आत, पिशवी घसरत गेली ती मी छातीनं दाबून धरली. कशी सुस्त पाण्यात परत आले, मला सांगता येणार नाही. तेव्हापासून एकच डोक्यात आहे. पोराला अंगाला बांधू का नको? बांधलं तर माझ्याबरोबर जाईल, नाही बांधलं तर हातातून जाईल.

नावाडी खाली उतरून आला. म्हणाला, "टाचा आवर, अम्मा. बापानं पार न्यायला शिकवलंय ना?" मी म्हटलं, शिकवलंय, सवय मोडलीय एवढंच. आत्याबाईंनी भिजलेली पिशवी उचलली आणि पदरानं पुसायला लागल्या, जसं काही ते पोरच आहे. मला वाटलं आता शिव्या. म्हणाल्या, "उद्या पोराला मी धरणार."

"तुम्ही? तुम्ही तर पुलावरनं जाताना डोळे मिटून घेता."

"मग मिटीन. डोळे मिटून पोर धरता येतं. तू तुझे तेवढे उघडे ठेव."

नावाडी म्हणतो, बरंच झालं, वजनानं टोपलं पाण्यात नीट बसतं, रिकामं जास्त फिरतं. आत्याबाई आता आत भाकरी बांधून ठेवताहेत, आणि मोठमोठ्यानं देवाला सांगताहेत की सून बापाकडून शिकून आलीय, भिण्याचं कारण नाही.

हा कागद कुठे पाठवणार? चुलीत जाईल. पण एवढं तुम्हालाच सांगता येतं. पार न्यायला तुम्ही मला शिकवलंच नाही, आप्पा. मधली धार आली की वल्हं माझ्या हातातून काढून घ्यायचा. "पुढच्या वर्षी तुला देईन," म्हणायचा, आणि पुढच्या पावसाच्या आधीच गेलात. मी सगळ्यांना हो म्हणून सांगितलंय. उद्या तिथे पोचले की वल्हं घ्यायला कुणी नसेल. ते माझ्याकडेच राहील.