नागिणीचं माप

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कारातली सात अंगं मोजून घे. आठवं, म्हणजे डावी बरगडी, सध्या वाकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे मी मरणार होतो, तो बेत रद्द झाला आहे. पण मरायच्या तयारीत सोमवारी तुला एक पाकीट टाकून बसलो, आणि ते तुझ्या हाती पडेल म्हणून आता जीव टांगणीला लागला आहे.

झालं असं, की मणक्यापासून बेंबीच्या दिशेनं पुरळ उठलं. समोरचे इस्त्रीवाले काका बघताक्षणी म्हणाले, "नागीण! तोंड-शेपटी भेटली की खेळ खलास." आता मी पडलो शिंपी. (दुसरा कोणी डॉक्टरकडे गेला असता.) मी टेप काढली, दोन्ही टोकांना खडूनं खुणा केल्या आणि रोज सकाळी उरलेलं अंतर गिऱ्हाइकांच्या मापवहीत लिहू लागलो. तोंड कुठलं यावर घरात दोन तट पडले. हिच्या मते बेंबीकडचं, कारण ते जेवणाच्या जवळ. पहिल्या दिवशी सव्वीस इंच, मग साडेपंचवीस, मग पंचवीस. पुरळ जागचं हललेलं दिसेना, पण टेप कशाला खोटं बोलेल? माझी अन्नावरची वासनाच उडाली. तेविसावर आल्यावर तुला ते पत्र लिहिलं.

शेवटी हिनं मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मापवही शांतपणे वाचली (एका नवरीच्या झग्यासकट) आणि म्हणाल्या, "नागीण वाढली नाही, मास्तर, तुम्ही आटलात. कमरेचं माप घेतलंत का?" घेतलं नव्हतं. शिंप्यानं! लहानपणच्या कांजिण्यांचे जंतू म्हणे मणक्यापाशी झोपलेले असतात. जागे झाले की एका मज्जातंतूच्या वाटेनं निघतात आणि सहसा अंगाच्या मध्यावर थांबतात. ती वळवळीत रांग पाहून कुणीतरी नागीण म्हणालं. कुठे तिला नुसता पट्टाही म्हणतात. नाव पडल्यावर लोकांनी तिला तोंड दिलं, शेपूट दिलं, वर स्वभावही दिला. मलम चालू आहे. जेवतोही आहे.

तुझा धाकटा भाऊ (सध्या कंबर पस्तीस)

ता. क. : सोमवारचं पाकीट आलं असेल तर न फोडता परत धाड.

आणखी ता. क. : ही म्हणते, परत मागवलंत तर मी स्वतः जाऊन वाचून दाखवीन. म्हणून सांगतो. बाबांचा कोट तू नाही, मी कापला होता. मार तू खाल्लास, बाबांनी तुला पुन्हा मशीनजवळ फिरकू दिलं नाही, आणि दुकान मला मिळालं. ताई, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता गं.