हिरवी घासणी आणि माझे गाल

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा लाल! दोन्ही गाल. नाकाच्या कडेला साल निघालीय, हनुवटीवर बारीक पुरळ. सकाळी क्रीम लावलं तर असं चरचरलं, की डोळ्यांना धार लागली. त्यावर फाउंडेशन थापलं. दुपारपर्यंत त्याला भेगा! आरशात बघवेना.

चू मॅडमनी, म्हणजे आमच्या दुकानाच्या मॅनेजरनी, बाजूला घेतलं. आवाज अगदी गोड — म्हणजे प्रकरण गंभीर. "ग्यूरी, आपल्या धंद्यात चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. तुमची पाटी बघून गिऱ्हाईक शेजारच्या दारात शिरतं." आमच्या नाम्पो बाजारपेठेच्या गल्लीत शेजारचं दारही क्रीमच्याच दुकानाचं. माझी उमेदवारी मार्चअखेर संपते. अठ्ठावीस मार्चला विभागप्रमुख येणार, समोर उभं करून बघणार, मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. "तोवर चेहऱ्याचं काहीतरी करा."

याआधी दोन ठिकाणांहून नारळ मिळालाय. तिसरा नको. खरंच नको!

१३ फेब्रुवारी

दिवसभर लोकांना शहाणपण विकते. "तुमची त्वचा तेलकट, हे घ्या. तुमची कोरडी, ते घ्या." आणि स्वतःचं? दुपारी नाक चमकतं, म्हणून शाळेपासून धरून चाललेय — तेलकट! म्हणून तीनदा फेसाने धुणं. सॅलिसिलिक आम्लाचे बोळे. सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉल. आणि जानेवारीत नोकरीला लागल्यापासून वर आमचं अँपूल, म्हणजे दाट सीरम — प्रोपोलिसचं, मधमाश्या पोळं लिंपतात त्या डिंकाचं. दुकानातला सगळ्यात खपणारा माल. चू मॅडमचा दंडकच आहे, जे विकता ते लावा.

यातलं एकही सोडायचा धीर होत नाही. सोडलं आणि आणखी बिघडलं तर?

१५ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "चेहऱ्याशी काही वैर आहे का तुमचं?"

मग ऐकवलं. कातडीवर एक राखणीचा थर असतो, तो मी धुऊन, आम्लं लावून उडवून लावलाय. नाक चमकतं म्हणून अख्खा चेहरा तेलकट होत नाही. आता सगळं बंद. सौम्य साबण, सेरामाइडचं साधं क्रीम, दिवसा सनस्क्रीन. शांत झालं की एकेक वस्तू परत आणायची, तीही आधी कोपराच्या आत लावून बघून. एका वेळी एकच!

"हमामात अंग घासून घेता?"

"दर रविवारी. आई घासते. आळीच्या हमामात बायकांची अंगं घासणं हा तिचा धंदाच आहे."

"चेहराही?"

"सणाच्या आधी फक्त. हलक्या हाताने."

"तेही बंद."

हलक्या हाताने म्हणे! आईचा हलका हात कसा असतो ते डॉक्टरांना काय ठाऊक! बसमध्ये तेच डोक्यात. गेल्या आठवड्यात, चांद्र नववर्षाच्या सणाला तिने चोळलं आणि दुसऱ्या दिवशी गाल पेटले. तरी म्हटलं, हे आलं कुठून! आत्ता कळलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

व्हायचं ते झालं.

मी हमामात गेले ती आंघोळीला नाही, सांगायला. आई नेहमीसारखी काळ्या चड्डी-बॉडीसमध्ये, हातात मोज्यासारखी चढवलेली ती हिरवी खरखरीत घासणी. टेबलावर नाक्यावरची टोफूवाली पालथी पडलेली. आईने तिच्या पाठीवर थाप मारली, म्हणजे कूस बदल. बोलावं लागत नाही तिला. वीस वर्षं अख्खी आळी तिच्या थापेवर वळते.

मी म्हटलं, "माझ्या चेहऱ्याला यापुढे हात लावायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती हसली. "डॉक्टर काय, सांगतील! मळ निघाल्याशिवाय कातडी मोकळी कशी व्हायची? ये इकडे. काकडी किसून ठेवलीय, तोंडाला लावते."

आणि तो ओला हात माझ्या गालाकडे आला. मी झटकला. "तूच जाळलंस माझं तोंड! माझी नोकरी गेली ना, तर ती तुझ्यामुळे!"

हमामात आवाज केवढा घुमतो! सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. टोफूवाली उठून बसली, टॉवेल ओढून घेतला. आईने हातातली घासणी काढली. पिळली. पुन्हा घातली. म्हणाली, "बरं."

एवढंच — बरं! चार शिव्या हासडल्या असत्या तर मीही रडून मोकळी झाले असते. आंघोळीनंतर ती मला केळ्याचं दूध देते, लहानपणापासून. आज काउंटरवर ठेवलेलं दिसलं. मी तशीच बाहेर पडले.

चुकलं का माझं? नाही. कधीतरी कोणीतरी बोलायला हवंच होतं.

२० फेब्रुवारी

तेल टिपायचा कागद. गिऱ्हाइकांना रोज दाखवते, स्वतःवर आज पहिल्यांदा. तोंड धुतलं, काही न लावता बसून राहिले. मग नाकावर दाबला, ओला. कपाळावर दाबला, जेमतेम. गालांवर — कोरडा ठाक! गाल तर असे ताणलेले की हसता येईना.

म्हणजे इतकी वर्षं मी कोरड्या गालांना तेलकट म्हणून बडवत होते. वा, ग्यूरीबाई! आणि तुम्ही लोकांना सल्ले देता!

२४ फेब्रुवारी, रविवार

हमामात गेले नाही. आईचा फोन.

"चेहरा कसा आहे?"

"बरा होतोय."

"घासलं नाही म्हणून?"

"हो."

मी विचारलं, "गर्दी होती का आज?" "होती की," म्हणाली. फोन ठेवला. एरवी हमामातल्या दहा बातम्या सांगितल्याशिवाय ठेवत नाही.

२८ फेब्रुवारी

लाली उतरतेय! खरंच उतरतेय. रोज तेच ते — साबण, क्रीम, सनस्क्रीन. कंटाळवाणं. चू मॅडमना वाटतं मी अजून सगळं लावते. सांगितलेलं नाही.

५ मार्च

दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली. तिळाच्या पानांचं लोणचं, सुक्या मासळीची चटणी. आई बेल न वाजवताच गेली! इतका जिना चढून आली आणि बेल नाही वाजवली. डबा घेऊन तशीच दारात उभी राहिले. राग तिचा यावा की माझा, तेच कळेना.

९ मार्च

धुळीचे दिवस. गल्लीत सगळे मास्क लावून. मी मात्र दुकानात पोचल्या पोचल्या काढते. दाखवण्यासारखा चेहरा आहे आता! आज एक बाई स्वतःहून म्हणाली, "तुम्ही काय लावता हो?" मी नुसती हसले. चू मॅडमनी ऐकलं, आत आल्या, अँपूलची नवी बाटली हातात ठेवली. "हेच लावते म्हणायचं. विभागप्रमुख सर हेच विचारणार. तिथे ततपप नको."

मग म्हटलं, आता हेही परत आणायला हरकत नाही. व्हिटॅमिन सी चार दिवसांपूर्वीच परत आणलंय, काही झालं नाही. आता अँपूल. कोपराच्या आत लावलंय.

११ मार्च

कोपरावर गांधी उठल्यात. लाल, जाड, खाजऱ्या.

दुसऱ्या कोपरावर लावून बघते. नुसती उष्णताही असेल.

१३ मार्च

दुसऱ्याही कोपरावर तेच.

आई मला घासते ती मी चालायला लागल्यापासून. अँपूल जानेवारीपासून. गाल बिघडले जानेवारीपासून! सणाच्या आधीच थोडे लाल होते, मीच वर पावडर फासत होते. डॉक्टरांनी सगळंच बंद करायला सांगितलं होतं. मी त्यातली घासणी तेवढी उचलली आणि आईच्या टाळक्यात घातली. घासणी काही चेहऱ्याचं भलं करत नाही, ते खरं. पण जाळलं तिने नव्हतं. तिने जाळलं नव्हतं!

फोन हातात घेतला. पण काय सांगू? अँपूल मला सोसत नाही असं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या हमामाला कळेल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यातल्या निम्म्या बायका आमच्या दुकानात येतात. टोफूवाली तर चू मॅडमची चुलत जाऊ! "उमेदवारीतली पोरगीच म्हणते अँपूलने अंग उठतं" — संपलंच मग.

अठ्ठावीसपर्यंत थांबते. नंतर समोर जाऊन सांगेन. फोनवर नाहीच.

१७ मार्च, रविवार

"येतेस का आज?" — आई.

"दुकानाची तयारी आहे गं. महिनाअखेरीला येते."

"बरं. चेहरा?"

"छान आहे."

"मग झालं." हुश्श करून म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ मार्च

झोप नाही. झोप नाही म्हणून डोळ्यांखाली काळं. काळं दिसलं म्हणून आणखी झोप नाही! आज एक शाळकरी मुलगी आली, गाल भाजल्यासारखे, मागितलं काय तर अँपूल. चू मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या. मी बाटली पिशवीत घालता घालता पुटपुटले, "आधी कोपराच्या आत लावून बघ." मुलीने मोठ्याने विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "पुन्हा या!"

२८ मार्च

झालं!

विभागप्रमुख पेक सर अगदी नाकाला नाक लावून बघतात. उजेडात वळवलं, डावीकडे, उजवीकडे. मग विचारलंच, "त्वचा चांगली राखलीय. आपलं कुठलं लावता?"

चू मॅडम माझ्याकडे बघत होत्या. खरं जिभेवर आलं होतं, देवाशपथ.

"प्रोपोलिसचं अँपूल, सर. रोज."

"दिसतंय!" ते म्हणाले आणि सही केली. कायम! चू मॅडमनी सगळ्यांना पोर्क सूप खिलवलं. मी दोन वाट्या प्यायले, हसले, टाळ्या घेतल्या. घरी येऊन तोंड धुतलं. जे टाळून हा चेहरा सुधारला तेच आता या चेहऱ्यावर विकायचं. लाज वाटते. पण नोकरी आहे! दोन्ही खरं आहे.

रविवारी आईकडे. पहिल्यांदा चूक कबूल करेन, हमामात, सगळ्या बायकांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. टोफूवालीला सांगू दे काय सांगायचं ते. मग टेबलावर पालथी पडेन आणि म्हणेन, घास.

३१ मार्च, रविवार

टेबलाजवळ दुसरीच बाई होती.

काउंटरवरच्या आजी म्हणाल्या, "अगं, तुला माहीत नाही? तू ओरडून गेलीस त्याच संध्याकाळी तुझ्या आईने काम सोडलं. म्हणाली, पोटच्या पोरीचं तोंड जाळलं मी, आता परक्यांच्या अंगाला हात लावायची भीती वाटते. आम्ही किती समजावलं. मासळी साफ करते आता, जागाल्चीच्या मासळीबाजारात."

जागाल्ची म्हणजे आमच्या दुकानासमोरचा रस्ता ओलांडला की आलाच.